पायाखालची ट्रंक

माझ्या हाताने फोम कापून दिलेल्या पेट्या किती जणांकडे आहेत, याचा नेमका आकडा माझ्याकडे आहे. ६१. दुकानाच्या वहीत प्रत्येकाची नोंद आहे: नाव, कॅमेरा, लेन्सा, पेटीचं माप आणि घेतलेले पैसे. या ६१ जणांना मी एकच गोष्ट सांगितली होती. ‘यात ठेवा आणि विमानात बिनधास्त लगेजला टाका. काही होत नाही.’

तो सल्ला चुकीचा होता. हे मला उशिरा कळलं, आणि कळल्यावरही कबूल करायला आणखी वेळ गेला. तेच आज सांगायचं आहे.

माझं दुकान सीताबर्डीत आहे. आम्ही नागपूरकर नुसतं बर्डी म्हणतो. मेन रोडवरच्या कपड्यांच्या आणि चपलांच्या गर्दीतून आत मोदी नंबरच्या गल्ल्यांकडे वळलं की पहिल्या मजल्यावर कॅमेरा दुरुस्तीची पाटी दिसते. खोली दहा बाय बाराची. एक टेबल, वर भिंगाचा दिवा, स्क्रू ठेवायला मिठाईचे रिकामे डबे. हे काम बाबांनी सुरू केलं आणि १९९६ पासून मी बघतो. पूर्वी गिऱ्हाइकं म्हणजे लग्नाचे फोटोग्राफर. नंतर ताडोबाचं आकर्षण वाढलं आणि मुंबई, पुणे, बंगळुरूची माणसं सोनेगावच्या विमानतळावर उतरून ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याकडे जाऊ लागली. त्यांच्या खांद्यावर लाखांच्या लेन्सा असतात. जंगलात काही बिघडलं की गाइड किंवा रिसॉर्टवाले त्यांना बर्डीचा पत्ता देतात. अशी ओळख होत गेली.

त्यातले बरेच जण विचारायचे, ‘भाऊ, हे सगळं विमानातून न्यायचं कसं?’ तेव्हा मी पेटी बनवून द्यायला लागलो. बाहेरून टणक पेटी विकत आणायची आणि आतला फोम वस्तूच्या आकाराप्रमाणे मी कापायचा. गादीवाल्याकडून जाड फोम आणायचो, कागदावर कॅमेऱ्याची बाह्यरेषा काढायचो आणि धारदार पात्याने खाचा पाडायचो. जितका कडक फोम तितकी खाच स्वच्छ निघते, म्हणून मी नेहमी कडकच निवडायचो. वस्तू खाचेत अशी चपखल बसायची की पेटी उलटी केली तरी हलायची नाही. गिऱ्हाइकासमोर मी ती उलटी करून दाखवायचो. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मला फार बरं वाटायचं. ते काम मी मनापासून करत होतो, म्हणूनच त्यातली चूक मला दिसली नाही.

पहिला धक्का २०१७ च्या मार्चमध्ये बसला. एक शिक्षक होते, पक्ष्यांच्या आणि जंगलाच्या फोटोंचं वेड असलेले. दोन वर्षं पैसे साठवून त्यांनी १५०-६०० ची झूम लेन्स घेतली होती. काझीरंगाला जायचं होतं, गुवाहाटीपर्यंत विमानाने. त्यांच्या पेटीत मी कॅमेऱ्याला लेन्स लावलेल्या अवस्थेतच बसेल अशी लांब खाच पाडली होती. उद्देश असा, की पेटी उघडली की लगेच कॅमेरा हातात. परतल्यावर ते दुकानात आले आणि पेटी टेबलावर ठेवली. पेटीवर ओरखडासुद्धा नव्हता.

“पेटीले तं काईच नाई झालं, भाऊ,” ते म्हणाले. “पण फोटो पहा ना जी.”

आठ दिवसांचे फोटो होते. गेंडा, हत्तींचा कळप, पाण्यावरून उडणारे पक्षी. प्रत्येक फोटोची डावी बाजू ठीक आणि उजवी बाजू मऊ, जणू कोणी ओलं बोट फिरवलंय. मी भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवलं, ट्रायपॉड लावला आणि त्यांच्या लेन्सने त्या पानाचा फोटो काढला. स्क्रीनवर मोठा करून पाहिला. डावीकडची बारीक अक्षरंही वाचता येत होती. उजवीकडे मथळे तेवढे कळत होते. आतला भिंगांचा एक गट मध्यरेषेवरून सरकला होता. कॅमेऱ्याची बॉडी काढली तर धातूच्या माउंटवर एका कडेला चमकणारी, नव्याने घासल्याची खूण दिसली. ती खूण बघून माझ्या पोटात गोळा आला.

झालं काय होतं, ते यंत्र उघडणाऱ्या माणसाला लगेच कळतं. लेन्स दोन किलोची, बॉडी जवळपास एक किलोची आणि दोन्ही जोडलेल्या. पेटी आपटली की सगळा ताण त्या सांध्यावर येतो, तरफेसारखा. आणि माझा फोम कडक. त्याने धक्का थोपवला नाही, जसाच्या तसा आत पोचवला. आंबे उतरवताना आपण झेला वापरतो. झेल्याची जाळी झोळीसारखी झुकते, म्हणून आंबा फुटत नाही. जाळीच्या जागी कोणी पत्रा लावला तर झेला मजबूत होईल, पण आंबा हाती येणार नाही. मी ६१ जणांना पत्र्याचा झेला करून दिला होता.

हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण तेव्हा मी मनाशी म्हटलं, कोणीतरी पेटी जोरात आपटली असेल, नशीब खराब. शिक्षकांना लेन्स कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवावी लागली. मी खर्चातले निम्मे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. आणि मी पुढच्या पेटीत आणखी कडक फोम घातला. आज हे लिहिताना सगळ्यात जड जाणारं वाक्य हेच आहे.

दुसरा प्रसंग २०१९ चा. लग्नाचे व्हिडिओ करणारा एक मुलगा गोव्याला निघाला होता. त्याच्या पेटीत मी बॅटऱ्यांसाठी चार खाचा दिल्या होत्या. दिसायला फार देखण्या. विमानतळावर लगेज स्क्रीनिंगमध्ये त्या दिसल्या. त्याला बोलावून पेटी उघडायला लावली आणि बॅटऱ्या काढायला सांगितल्या. या धावपळीत पेटी त्या विमानात चढलीच नाही. ती दुसऱ्या दिवशी पोचली. हळद त्याने मोबाइलवर शूट केली. त्याचा फोन आला तेव्हा तो रागावला नव्हता, फक्त थकला होता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण नियम मी कधी वाचलाच नव्हता.

मग वाचला. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत, त्या केबिनमध्ये स्वतःजवळच न्याव्या लागतात. कारण समजलं आणि पटलंही. अशी बॅटरी शॉर्ट झाली की ती स्वतःच तापत जाते आणि पेट घेते. केबिनमध्ये असेल तर कर्मचारी ती पाहू शकतात, पाणी ओतून थंड करू शकतात. सामानाच्या कप्प्यात उडत्या विमानात कोणाचा हात पोचत नाही. मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करायचा. साध्या कॅमेऱ्याची ७.२ व्होल्टची, १८६५ मिलिअँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम १३.४. तिची काळजी नाही. १०० पर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची संमती लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६० च्या वर प्रवाशाच्या सामानात मनाईच. व्हिडिओवाल्यांच्या मोठ्या बॅटऱ्यांवर ९८ वॉट-अवर असं बरेचदा छापलेलं दिसतं, ते याच सीमेच्या आत राहण्यासाठी. आणि प्रत्येक बॅटरीची धातूची टोकं झाकलेली हवीत: मूळची टोपी, नाहीतर चिकटपट्टी, नाहीतर वेगळी पिशवी. खिशातली किल्ली किंवा नाणं टोकांना लागलं तरी शॉर्ट होतं.

बॅटऱ्यांच्या खाचा मी त्यानंतर बंद केल्या. पण पेटीवरचा विश्वास अजून शाबूत होता. तो सुटला २०२३ च्या डिसेंबरात, माझ्या स्वतःच्या प्रवासात.

मुलगी बंगळुरूला नोकरी करते. तिला आजोबांचा कॅमेरा हवा होता. बाबांचा यशिका मॅट, दोन डोळ्यांचा, वरून डोकावून बघायचा. याच कॅमेऱ्यावर त्यांनी गोंदियापासून अकोल्यापर्यंत लग्नं काढली. तो नीट साफ केला, शटर तपासलं आणि माझ्याच हातच्या एका छोट्या पेटीत बसवला. बर्डीच्या इंटरचेंज स्टेशनवरून मेट्रोची ऑरेंज लाइन पकडली, पेटी मांडीवर घेऊन एअरपोर्ट स्टेशनपर्यंत गेलो. काउंटरवर पेटी काट्यावर ठेवली आणि आकडा ७ किलोंच्या वर गेला. आतला कॅमेरा एक किलोच्या आसपास, बाकी सगळं पेटीचं आणि तिच्यात भरलेल्या कपड्यांचं वजन. काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, “काका, ही चेक-इनला टाकावी लागेल.”

माझा हात सुटेना.

तिथे उभा राहून मी स्वतःला विचारलं, का? ६१ जणांना मी हेच तर सांगितलं होतं. त्यांच्या लाखांच्या वस्तू मी निवांतपणे पट्ट्यावर ठेवायला लावल्या आणि बाबांचा जुना कॅमेरा ठेवायची वेळ आली तर माझे हात गार पडले. तिथेच बाजूला बसून पेटी उघडली, कॅमेरा काढला, बायकोने मुलीसाठी दिलेल्या शालीत गुंडाळला आणि खांद्यावरच्या झोळीत ठेवला. पेटी कपड्यांसकट लगेजला गेली.

मला खिडकीची जागा मिळाली होती. खाली सामान चढत होतं. दोन माणसं, एक ट्रॉली, एक वर सरकणारा पट्टा. एक जण बॅगा उचलून पट्ट्यावर टाकत होता. टाकत होता हाच शब्द बरोबर आहे, पण त्यात दोष देण्यासारखं काही मला दिसलं नाही. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत त्यांच्या हाताशी मोजका वेळ असतो. शंभरावर बॅगा, एकेक पंधरा-वीस किलोंची. तेव्हा डिसेंबर होता. मे महिन्यात ४५ अंशांत त्याच डांबरावर तेच काम चालतं. त्यांनी प्रत्येक बॅग बाळासारखी ठेवावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. माझी पेटी आली. कमरेच्या उंचीवरून पट्ट्यावर पडली, आडवी झाली, तिच्यावर एक मोठी सूटकेस येऊन आदळली आणि दोन्ही वर सरकत दिसेनाशा झाल्या. पेटीवर मी स्वतः लाल अक्षरात ‘नाजूक’ असं चिकटवलं होतं. ते अक्षर खालच्या बाजूला गेलं होतं.

बाबा सोनेगावच्या रात्रीच्या टपाल विमानांची गोष्ट सांगायचे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी विमानं मध्यरात्री नागपुरात येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमानं परत आपापल्या गावी जात. सकाळी चारही शहरांत पत्रं पोचत. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला मिळालेला तो मान होता. माझ्या त्या प्रवासात विमानात बसून मला वाटलं, सामान हलवण्याची ही सगळी पद्धतच थैलीसाठी घडलेली आहे. थैली उचलायची, टाकायची, वेळेत विमान सोडायचं. पत्राला धक्का लागत नाही. त्याच पट्ट्यावर भिंगं ठेवून पट्ट्याने आपलं वळण बदलावं असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

विमान उडालं. झोळी मी समोरच्या सीटखाली ठेवली होती आणि दोन्ही पावलं तिच्या दोन बाजूंना टेकवली होती. नकळत. आणि एकदम बाबा डोळ्यांसमोर आले.

त्यांची पत्र्याची हिरवी ट्रंक होती. आत गोधडीचे तुकडे, त्यात कॅमेरा, फ्लॅश, फिल्मची रिळं. ती ट्रंक महाराष्ट्र एक्स्प्रेसने किती वेळा गेली असेल, त्याला मोजदाद नाही. एकदाही काही फुटलं नाही. लहानपणापासून मी एवढंच पाहिलं होतं, की ट्रंक भक्कम होती म्हणून कॅमेरा वाचला. माझा पेट्यांचा सगळा धंदा त्याच समजुतीवर उभा राहिला. पण ट्रंक कुठे असायची? खालच्या बर्थखाली, बाबांच्या पायाशी. हमालाकडे त्यांनी ती कधी दिली नाही. रात्री झोपताना तिची साखळी बर्थच्या पायाला आणि एक हात ट्रंकेच्या कडीवर. पहाटे स्टेशनावर उतरताना सगळ्यात आधी ट्रंक, मग ते. कॅमेरा पत्र्याने वाचला नव्हता. तो बाबांच्या हातात होता म्हणून वाचला. मी वारशात पत्रा उचलला आणि हात विसरलो.

बंगळुरूला पट्ट्यावरून माझी पेटी आली तेव्हा तिच्यावर ओरखडाही नव्हता. शिक्षकांच्या पेटीवरही नव्हता. बाहेरून धड दिसणारी पेटी आतलं काहीच सांगत नाही, हे त्या दिवशी मला पूर्ण पटलं.

आता मी काय सांगतो ते लिहितो, कारण जुना सल्ला चुकला म्हणून नुसती हळहळ व्यक्त करून कोणाची लेन्स वाचणार नाही.

पहिलं, बॉडी, मुख्य लेन्स, बॅटऱ्या आणि मेमरी कार्डं केबिनमध्ये, स्वतःजवळ. कार्डं तर बॅगेतही नको, अंगावरच्या खिशात. एक्स-रेने कार्डांना किंवा सेन्सरला अपाय होत नाही. फिल्मची गोष्ट वेगळी. चेक-इन सामानाच्या तीव्र एक्स-रेने फिल्मवर धुरकटपणा येतो आणि केबिनसाठी काही ठिकाणी आलेली नवी सीटी स्कॅनर यंत्रंही तिला घातक ठरतात. मुलीने आजोबांच्या कॅमेऱ्यावर पुन्हा फिल्म वापरायला घेतली आहे. मी तिला सांगितलंय, रिळं पारदर्शक पिशवीत ठेव आणि हाताने तपासा अशी आधीच विनंती कर.

दुसरं, वजनाचा हिशेब. आपल्याकडे देशांतर्गत विमानात साध्या वर्गाला केबिनमध्ये साधारण ७ किलोंची एक बॅग चालते, माप ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या आसपास. केबिनच्या मापाची चाकांची टणक पेटी फोमसकट सहा किलोंपर्यंत भरते. म्हणजे कॅमेऱ्यासाठी उरला एक किलो. मऊ अस्तराची पाठीवरची बॅग दीड-दोन किलोंत मिळते आणि पाच किलो सामानाला जागा देते. जी पेटी मी सुरक्षित म्हणून देत होतो, तिच्या वजनानेच कॅमेरा माणसाच्या हातातून काढून पट्ट्यावर नेऊन ठेवला होता. आता दुकानात मी लगेजचा हुकाचा काटा टांगलेला आहे. बॅग भरा, इथेच वजन करा.

तिसरं, कमी न्या. हे सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण जंगलाचे फोटो काढणाऱ्याला ‘एक लेन्स घरी ठेवा’ म्हणणं म्हणजे त्याचं स्वप्न कापणं. पण बाहेरून ताडोबाला येणाऱ्यांना मी आता सांगतो की जड लेन्स इथे भाड्याने घ्या. ६०० एमएमची जुन्या पिढीतली एफ-४ लेन्स पाच किलोंच्या वर जाते. ती केबिनमध्ये नेली तर दुसरं काही नेताच येत नाही. छोट्या ७२ आसनी विमानांत वरचे कप्पेही लहान असतात आणि दारातच बॅग काढून घेण्याची वेळ येते. म्हणून केबिनची बॅगही अशी भरा, की वेळ आली तर दोन मिनिटांत बॉडी आणि लेन्स आतल्या कापडी पिशवीसकट बाहेर काढून हातात घेता येतील.

चौथं, लगेजला जे जाणारच आहे ते नीट पाठवा. ट्रायपॉड, लाइटचे स्टँड, पाने आणि स्क्रूड्रायव्हर तिकडेच जातील, सुरक्षा तपासणीत ते अडतात. एखादी लेन्स पाठवावीच लागली तर ती बॉडीवरून काढलेली हवी, पुढची-मागची दोन्ही झाकणं लावलेली, आधी मऊ वेष्टनात, मग मऊ फोममध्ये आणि सगळ्या बाजूंनी किमान दोन बोटं मोकळा मऊ थर. बाहेरचं कवच टणक असू द्या, आतला थर दबणारा हवा. फोम दर दोन-तीन वर्षांनी दाबून बघा. आपल्या उन्हाळ्यात तो कडक होतो, मग भुगा पडायला लागतो आणि तो भुगा भिंगांच्या फटीत शिरतो. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि थंडगार ठिकाणाहून बाहेरच्या दमट हवेत आल्यावर बॅग लगेच उघडू नका. अर्धा-पाऊण तास बंद राहू द्या, म्हणजे काचेवर दव धरत नाही.

पाचवं, कागद. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून ठेवा आणि बॅग भरताना फोटो काढा. देशांतर्गत प्रवासात सामानाबद्दल विमान कंपनीची जबाबदारी साधारण २०,००० रुपयांपर्यंत मर्यादित असते. दोन लाखांच्या लेन्सपुढे ते काहीच नाही. म्हणून विमा स्वतंत्र काढा आणि त्यात प्रवासातली मोडतोड येते का ते आधी वाचा. सामान आल्यावर विमानतळ सोडण्याआधी उघडून बघा आणि काही बिघडलं असेल तर तिथल्या काउंटरवर लेखी नोंद करूनच बाहेर पडा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. परदेशी महागडा कॅमेरा नेत असाल तर निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना हा तिकडे घेतलेला नाही हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

हे सगळं सांगताना मला दादासाहेब फाळके आठवतात. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा पसंत केला आणि परत आले. यंत्रसामग्री त्यांच्यामागून बोटीने आली. सोबतच्या आकृत्या बघून ती त्यांनी स्वतः जोडली. एवढ्या लांबच्या प्रवासात ते यंत्र त्यांच्या हाती नव्हतं, पण त्यातला प्रत्येक भाग सोडवून पुन्हा बसवण्याची विद्या त्यांच्याकडे होती. आजच्या लेन्समधले भिंगांचे गट केसाच्या जाडीहून कमी फरकाने बसवलेले असतात. माझ्यासारखा तीस वर्षं हे काम करणारा माणूसही बर्डीच्या टेबलावर ते पहिल्यासारखे बसवू शकत नाही, कंपनीच्या यंत्राकडे पाठवावं लागतं. एकदा हललं की आपल्या हातात काही राहत नाही. म्हणून आधीच हातात ठेवायचं.

बंगळुरूहून परतल्यावर मी वही काढली आणि फोन करायला लागलो. पहिला फोन शिक्षकांना. त्यांना सगळं सांगितलं: कडक फोम, जोडलेली लेन्स, आणि त्यांच्या अनुभवानंतरही मी तेच करत राहिलो हेसुद्धा. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सांगितलं हे बरं केलं भाऊ. मी तं माह्याच हाताले दोष देत होतो.” जवळपास सात वर्षं तो माणूस आपल्याकडूनच लेन्स कुठेतरी आपटली असेल असं समजत होता. हे ऐकून मला बोलता येईना.

आतापर्यंत ४८ जणांशी बोलणं झालं. १३ जणांचे नंबर बदलले आहेत किंवा लागत नाहीत. त्यातल्या कोणाच्या वाचनात हे आलं, तर विनंती आहे. पेटीच्या झाकणावर आतून उजव्या कोपऱ्यात मी पेनाने तारीख लिहायचो. ती तारीख सापडली तर पेटी माझीच. पुढच्या विमानप्रवासाआधी बॅटऱ्या बाहेर काढा, लेन्स बॉडीपासून वेगळी करा आणि पेटी बर्डीत घेऊन या. फोम बदलून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.